ऊस, पाणी आणि जमिनीचा निचरा

कृष्णा व कोयना यांच्या संगमाभोवतीचा कराडचा परिसर काळ्या, कसदार जमिनीबद्दल प्रसिद्ध आहे. पूर्वी येथे शाळू, हरभरा, भुईमूग ही पिके फेरपालटीने घेतली जात. एकोणिसाव्या शतकात खोडशीच्या बंधाऱ्यावरून कृष्णा कालवा निघाला. पुढे कोयना धरण, उपसा सिंचन योजना आणि रेठरे बुद्रुक व यशवंतनगर येथील सहकारी साखर कारखाने यांमुळे ऊस हे प्रमुख पीक बनले. उसाने गावोगावी पैसा आणला, हे निर्विवाद आहे. मात्र त्याच जमिनीत वर्षानुवर्षे ऊस व खोडवा घेतल्याने अनेक सखल शेते पाणथळ व खारवट होत आहेत. कृष्णेच्या खालच्या अंगास वाळवा, पलूस व मिरज या तालुक्यांत ही विकृती अधिक तीव्र आहे.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. भारी जमिनीतून पाणी सावकाश झिरपते. पाट भरून पाणी देत राहिल्यास भूजलाची पातळी मुळांपर्यंत चढते. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. विहिरीच्या एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार असल्यास, हेक्टरी २०० सेंटिमीटर पाण्याबरोबर १० टन क्षार शेतात येतात. निचरा नसेल तर ते तेथेच साठतात.

हानी नेहमी जादा पाणी देणाऱ्याचीच होते असे नाही. वरच्या शेतातील पाझर खालच्या शेतात उतरतो. तेथील अल्पभूधारकाचे पीक बुडते, सोसायटीचे कर्ज मात्र उभे राहते आणि त्याला मजुरीची वाट धरावी लागते. शाळू कमी झाल्याने कडबाही दुर्मिळ होतो.

उपाययोजनेपूर्वी मातीची तपासणी करून घ्यावी. चोपण जमिनीस शिफारशीनुसार जिप्सम द्यावे. केवळ क्षारयुक्त जमिनीस त्याचा उपयोग नाही. निचऱ्यावाचून दोन्ही ठिकाणी खर्च वाया जातो. त्यासाठी उघडे चर खोदावेत, किंवा सुमारे १ ते १.२५ मीटर खोलीवर सच्छिद्र नळ्या पुरून क्षारयुक्त पाणी नाल्यात सोडावे. धैंचा गाडावा, पाचट जाळू नये, ठिबकने मोजके पाणी द्यावे आणि उसानंतर हरभऱ्यासारखे द्विदल पीक घ्यावे. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राचा सल्ला या कामी घेता येईल.

नळ्यांतील पाणी शेजाऱ्याच्या बांधावरूनच नाल्यास मिळते. नाला बुजलेला वा नांगरलेला असल्यास एकट्याने केलेला खर्च निष्फळ ठरतो. यास्तव शिवारातील सर्व खातेदारांनी एकत्र बसून प्रथम नाला मोकळा करावा व मगच निचऱ्याची आखणी करावी. पाणी आणण्यासाठी ज्या गावांनी सहकार केला, त्यांनी ते बाहेर काढण्यासाठीही सहकार करणे आवश्यक आहे.