नायट्यावरील सूक्ष्म उपाय

पावसाळ्यात नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील शेतकरी भिजलेल्या कपड्यांनिशी दिवसभर शेतात राबतात. घाम आणि ओल बुरशीच्या वाढीस पोषक असतात. त्यामुळे कमरेभोवती किंवा जांघेत वर्तुळाकार, खाजरे चट्टे उमटतात. यालाच नायटा किंवा गजकर्ण म्हणतात. हा रोग सांसर्गिक आहे. एकाचा पंचा दुसऱ्याने वापरला, तर तो घरभर पसरू शकतो.

नायट्याची बुरशी त्वचेतील केराटिन नावाच्या द्रव्यावर जगते. तिचा निवास त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या, मृत पेशींच्या थरात असतो. हा थर विटांच्या भिंतीसारखा असून त्याचे सांधे स्निग्ध पदार्थांनी भरलेले असतात. बाहेरील अपायकारक द्रव्ये थोपविणे, हे या भिंतीचे कार्य होय. परंतु हीच भिंत औषधालाही अडविते. पुष्कळसे मलम वरच राहून पुसले जाते आणि खोलवर दडलेली बुरशी सुरक्षित राहते.

ही अडचण दूर करण्यासाठी शास्त्रज्ञ अब्जांश तंत्रज्ञानाचे साहाय्य घेतात. मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. त्याहून शेकडो पटींनी लहान अशा स्निग्ध कुप्या तयार करून त्यांत औषध भरतात. त्यांना लायपोसोम म्हणतात. लातूरच्या बाजारात ज्याच्या राशी लागतात, त्या सोयाबीनपासून मिळणारे लेसिथिन या कुप्यांसाठी उपयोगी पडते. कुपी स्निग्ध असल्यामुळे ती त्वचेच्या स्निग्ध सांध्यांत सहज मिसळते व औषध हळूहळू सोडते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲम्फोटेरिसिन बी या बुरशीनाशक औषधाच्या अशा कुप्यांवर महत्त्वाचे संशोधन केले. प्रथम हे औषध शिरेतून देण्यात आले. मूळ औषधाने मूत्रपिंडास होणारा अपाय त्यामुळे कमी झाला. पुढे हेच तत्त्व त्वचेवर लावावयाच्या लेपांतही उपयोगात आले.

तथापि औषध कितीही सूक्ष्म असले, तरी रुग्णाची दक्षता हवीच. पुष्कळ लोक लाजेपोटी हा रोग लपवितात व स्वतःच मलम आणून लावतात. काही मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज तात्काळ थांबते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती मंदावून बुरशी अधिकच फैलावते. गेल्या काही वर्षांत नेहमीच्या औषधांना न जुमानणारा नायटा भारतात वाढला आहे. म्हणून वैद्यकीय सल्ल्यानेच उपचार करावेत, कपडे उन्हात वाळवावेत आणि चट्टा दिसेनासा झाला, तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत औषध लावीत राहावे. औषध बुरशीपर्यंत पोहोचविणे हे शास्त्राचे काम आहे. ते नेमाने लावणे हे आपले आहे.