कार्बन फायबरचे बॉनेट आणि काचेवरचा फवारा

पावसाळ्याच्या आरंभी घाट उतरत असताना पुढच्या मालमोटारीच्या चाकांखालून उडालेला तांबडा चिखल समोरच्या काचेवर येऊन बसतो, तेव्हा चालकाचा हात आपोआप स्टिअरिंगजवळच्या दांड्याकडे जातो. दांडा ओढताच काचेवर पाण्याची पिचकारी उडावी, वायपरने दोन फेऱ्या माराव्यात आणि रस्ता पुन्हा दिसू लागावा, ही क्रिया इतकी सवयीची झालेली असते की तिच्यामागील योजनेकडे सहसा लक्ष जात नाही. पिचकारी उडाली नाही, तर मात्र अर्धवट सुकलेल्या चिखलावरून फिरणारा वायपर काचभर तपकिरी पडदा पसरवितो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. तीन सेकंद रस्ता न दिसणे म्हणजे ५० मीटर अंतर डोळे मिटून जाणे होय.

हौसेखातर मोटारीचे मूळ पोलादी बॉनेट काढून त्याजागी कार्बन फायबरचे चकचकीत काळे बॉनेट बसविणाऱ्या वाहनमालकांची नेमकी हीच सोय अनेकदा हरवते. बऱ्याच मोटारींत पाण्याची नोझले बॉनेटच्या मागील कडेजवळ बसविलेली असतात. बाजारात मिळणाऱ्या बदली बॉनेटला त्यांच्यासाठी भोके असतीलच असे नाही. काही उत्पादक आतल्या बाजूस केवळ खुणा ठेवतात, काही तेवढेही करीत नाहीत. अखंड दिसणाऱ्या त्या सुंदर पृष्ठभागाला भोक पाडण्याचा धीर मालकाला होत नाही, मेस्त्रीलाही होत नाही. मग नळीच्या टोकाला बूच मारून ती इंजिनाशेजारी गुंडाळून ठेवली जाते. महागड्या वस्तूच्या मोहाने काही रुपयांची अत्यावश्यक वस्तू निकामी करण्याचा हा प्रकार होय.

कार्बन फायबर हे विणलेल्या कार्बन तंतूंचे कापड इपॉक्सी राळेत भिजवून, एकावर एक थर देऊन घट्ट केलेले संमिश्र आहे. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट, ॲल्युमिनियमची २.७ पट, तर या संमिश्राची सुमारे १.६ पट असते. मोटारींच्या शर्यतीत १९८१ साली मॅक्लारेन कंपनीने एमपी४/१ या गाडीचा सांगाडाच कार्बन फायबरचा केला आणि या पदार्थाची कीर्ती झाली. पुढे २००४ साली शेव्हरले कॉर्व्हेट झेड०६ या गाडीच्या एका विशेष आवृत्तीला कारखान्यातूनच कार्बन फायबरचे बॉनेट मिळाले. शर्यतीच्या गाडीत प्रत्येक किलोचा हिशेब असतो. शहरातील वाहतुकीत अडकलेल्या गाडीला या हलकेपणाचा लाभ नाममात्रच होतो. तेथे बॉनेट बसविले जाते ते मुख्यतः रूपासाठी, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. शिवाय स्वस्त बॉनेटांपैकी अनेकांत कार्बनचा एकच वरचा थर असून खाली साधे फायबरग्लास असते. खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे.

या पदार्थाला भोक पाडणे पत्र्याला भोक पाडण्याइतके सरळ नाही. पत्रा सर्व दिशांनी सारखा असतो. कार्बन फायबर थरांचे बनलेले असल्यामुळे ड्रिल दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना शेवटचा थर ढकलला जाऊन सुटतो, तंतू विसकटतात आणि भोकाभोवती पांढुरके वलय उमटते. वलय दिसले की आतले थर एकमेकांपासून सुटू लागले, असे समजावे. म्हणून सर्व काळजी ड्रिल बाहेर पडण्याच्या त्या क्षणासाठी घ्यावयाची असते.

प्रथम जुन्या बॉनेटवरून जाड कागदाचा साचा काढावा. मध्यरेषेपासूनचे आणि मागील कडेपासूनचे अंतर दोन्ही बाजूंस मोजून खूण करावी. नव्या बॉनेटला वरचा पातळ पापुद्रा आणि खाली आधाराचा सांगाडा असे दोन भाग असतात. नोझलचा देठ सांगाड्याच्या कडेवर येत नाही ना, खाली नळी जोडण्यास बोटे पोहोचतात ना, आणि बॉनेट उघडताना नोझल वायपरच्या दांड्याला अडत नाही ना, हे खूण पक्की करण्यापूर्वीच पाहावे. बॉनेट गाडीवरून उतरवून जाड कापडावर ठेवणे उत्तम. दोन्ही बाजूंस मास्किंग टेप चिकटवून, भोकाच्या जागी खालून सपाट लाकडी ठोकळा शिकंज्याने घट्ट धरावा. ड्रिल पापुद्र्यातून थेट लाकडात शिरले की शेवटच्या थराला सुटण्यास जागाच उरत नाही. दोन थरांमधील पोकळीमुळे ठोकळा लावता येत नसेल, तर दाब अगदी हलका ठेवावा. तीन मिलिमीटरच्या नव्या, धारदार ड्रिलने आरंभ करून टप्प्याटप्प्याने भोक मोठे करावे. ड्रिलचा वेग जास्त आणि हाताचा जोर कमी, हे प्रमाण सांभाळावे. बोथट ड्रिल तंतू कापत नाही, उपटते; शिवाय उष्णतेने राळ मऊ पडते. शेवटचा अर्धा-एक मिलिमीटर ड्रिलने न काढता, बारीक सँडपेपर गोल काडीला गुंडाळून घासून काढावा. नोझल फिरू नये म्हणून काही देठांना चौकोनी खाच असते. ती कानशीने घासताना आतले कोपरे किंचित गोल ठेवावेत, कारण टोकदार कोपऱ्यातून पुढे तडा जातो.

या कामातून उडणारी काळी धूळ साध्या धुळीसारखी लेखू नये. ती डोळ्यांना व फुप्फुसांना अपायकारक असून त्वचेला खाज आणते. त्यासाठी चांगल्या प्रतीचा मुखपट्टा, चष्मा आणि हातमोजे वापरावेत, आणि धूळ फुंकण्याऐवजी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. कार्बन विजेचा वाहक असल्यामुळे हीच धूळ बॅटरीच्या वा विजेच्या जोडांवर पडल्यास तेथेही उपद्रव होतो. बॉनेट उतरवून काम करण्याचे हे आणखी एक कारण.

भोक तयार झाले की काम संपले, असे मानून पुष्कळदा येथेच थांबले जाते. कापलेल्या कडेवर तंतूंची टोके उघडी पडलेली असतात आणि त्यांच्यामधून पाणी हळूहळू आत झिरपते. नोझलभोवती पाणी कायमच येणार. म्हणून कडेवर पातळ इपॉक्सीचा हात बारीक ब्रशने द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि वरून उन्हाला टिकणाऱ्या पारदर्शक लॅकरचा थर द्यावा. उघडी इपॉक्सी आपल्याकडील उन्हात पिवळी पडते. नोझल प्लॅस्टिकचे असल्यास धातूच्या गंजाची चिंता नाही. शोभेसाठी ॲल्युमिनियमचे नोझल निवडले असेल, तर मात्र कार्बन, ॲल्युमिनियम आणि पाणी यांची मिळून जणू एक छोटी विद्युतघटमालाच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. दोहोंच्या मध्ये रबरी वायसर घालून त्यांचा थेट स्पर्श टाळणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

दुसरी अडचण पकडीची असते. मूळ नोझलच्या बाजूचे प्लॅस्टिकचे पंख जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पत्रा धरण्यासाठी केलेले असतात. बदली बॉनेटचा पापुद्रा त्याहून जाड असल्यास पंख खाली उघडत नाहीत आणि नोझल सैल राहते. अशा वेळी सिलिकॉनचा गोळा भरून वेळ मारून नेण्यापेक्षा, खालून नटाने आवळले जाणारे आटेदार नोझल घ्यावे. नट हातानेच, जेमतेम आवळावा.

नळी जुन्या बॉनेटवरूनच घेता येते. मात्र ती अडकविण्याच्या चापांसाठी नव्या बॉनेटला भोके नसतात. तेव्हा चिकटणारे चाप लावून ती सांगाड्याच्या कडेने, इंजिनाच्या तप्त भागांपासून दूर न्यावी. बिजागरीजवळ थोडी ढिलाई ठेवावी, नाहीतर बॉनेट बंद होताच नळी दुमडते. जुन्या नळीत एकमार्गी झडप असल्यास ती फेकू नये. तिच्यामुळे पाणी टाकीकडे परतत नाही आणि दांडा ओढताच फवारा उडतो.

आता नेम. पिचकारीच्या नोझलमधील छोटी गोळी टाचणीने फिरविता येते. गाडी उभी असताना पाणी वायपरच्या कक्षेच्या मध्याच्या थोडे वर पडेल असे ठेवावे, कारण धावत्या गाडीत समोरून येणारा वारा धार खाली दाबतो. नव्या बॉनेटला उंचवटा वा हवेची खिडकी असेल तर मूळ कोन बिघडतो आणि धार टपावरून मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाते. त्याच्या शिव्या मालकाला ऐकू येत नाहीत, एवढेच!

एवढे सारे वाचल्यावर बॉनेटला भोक पाडावेच का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागेल. काचेच्या पायथ्याशी जी काळी प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी असते, जिला गॅरेजमध्ये काउल म्हणतात, तिच्यावर नोझले बसविणे अधिक सोपे आणि स्वस्त पडते. अनेक गाड्यांत कारखान्यातच तशी योजना असते. ही पट्टी चुकली तर अल्प खर्चात बदलता येते. चुकीच्या भोकाचे कार्बन बॉनेट पूर्वरूपात आणणे फार कठीण. खाली वायपरची यंत्रणा आणि केबिनमध्ये हवा घेणारे तोंड कोठे आहे, एवढे मात्र पट्टी उचलून पाहिले पाहिजे.

यंत्राइतकीच कागदपत्रांची बाजूही महत्त्वाची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रमाणपत्रावर रंगाचीही नोंद असते, ही गोष्ट पांढऱ्या गाडीवर काळे बॉनेट चढविणाऱ्याने ध्यानात घ्यावी. म्हणून खरेदीपूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे इष्ट. गाडी बँकेकडे तारण असेल, तर कर्जकरारातील बदलांविषयीचे कलम वाचून शाखेला लेखी कळवावे.

विमा कंपनीलाही हे कळविणे आवश्यक आहे. गाडीचे विमामूल्य उत्पादकाच्या जाहीर विक्री किमतीवरून ठरते. त्या किमतीत नसलेली वस्तू स्वतंत्रपणे जाहीर केल्याविना तिची भरपाई गृहीत धरता येत नाही. शून्य घसाऱ्याची जोडपॉलिसी नसल्यास, आंशिक नुकसानीच्या दाव्यात काचेवर घसारा धरला जात नाही, फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के आणि प्लॅस्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के धरला जातो, तर धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयानुसार ठरतो. कार्बन फायबरचे बॉनेट यांपैकी कोणत्या रकान्यात मोडेल, हे अपघातानंतर सर्वेक्षकाशी वाद घालण्यापेक्षा आधीच लेखी विचारून घ्यावे.

राहता राहिली टाकीतील पाण्याची गोष्ट. विहिरीचे वा कूपनलिकेचे जड पाणी भरल्यास क्षार साचून नोझलचे बारीक छिद्र बुजते. कपडे धुण्याची पावडर तर कधीच घालू नये. गाळलेले मऊ पाणी आणि काच धुण्यासाठी मिळणारे द्रावण पुरेसे होते. जुने पोलादी बॉनेट मात्र त्याच्या मूळ नोझलांसह कापडात गुंडाळून घरीच ठेवावे. गाडी विकताना, किंवा परिवहन कार्यालयाने मूळ स्वरूप पूर्ववत करण्यास सांगितल्यास, तेच पुन्हा चढवावे लागेल.