अश्रूंच्या अडलेल्या वाटेचा मागोवा

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात फुगवटा येतो, बोटाने दाबला की पू डोळ्यात उतरतो आणि डोळा बारमाही गळत राहतो. हे लासरू, म्हणजे अश्रुपिशवीचा जुनाट दाह. आज तासाभराच्या शस्त्रक्रियेने दहापैकी नऊ रुग्ण बरे होतात. इथवर यायला मात्र वैद्यकाला दोन हजार वर्षे लागली. पू दिसे तिथेच इलाज होत राहिला, पण खरा दोष त्याच्या खाली होता.

सुश्रुताने आपल्या संहितेच्या उत्तरतंत्रात नेत्रसंधीच्या, म्हणजे डोळ्याच्या भागांमधल्या सांध्यांच्या, रोगांमध्ये ‘पूयालस’ सांगितला आहे. संधीत सूज येते, ती पिकते आणि दाट, दुर्गंधी पू वाहतो, हे त्याचे वर्णन लासरूशी बरेच जुळते. रक्तमोक्षण (रक्त काढणे) आणि उपनाह (पोटीस बांधणे) हे त्यावरचे उपचार होते. पहिल्या शतकात रोममधल्या सेल्ससने नासूर कापून थेट हाडापर्यंत डाग द्यायला सांगितले. ही डागणी रुग्णांनी पुढे शतकानुशतके सोसली.

शरीररचना उलगडली ती फार नंतर. फॅलोपियस या इटालियन शरीररचनातज्ज्ञाने 1561 मध्ये अश्रुमार्गाचे वर्णन केले. अश्रू मेंदूतून झिरपतात ही जुनी समजूत होती. ते ग्रंथींतून येतात हे स्टेनो या डॅनिश शरीररचनातज्ज्ञाने पुढच्या शतकात दाखवले. पापण्यांच्या आतल्या टोकाशी असलेल्या दोन सूक्ष्म छिद्रांतून अश्रू सुमारे 10 मिलिमीटरच्या नलिकांत जातात. तिथून ते पिशवीत, आणि हाडातल्या अरुंद मार्गाने नाकात उतरतात. रडताना नाक वाहते ते यामुळेच. हाच हाडातला मार्ग बुजला की पिशवीत अश्रू साचतात आणि त्यात जंतू वाढतात. स्त्रियांमध्ये हा मार्ग अधिक अरुंद असतो. मध्यमवयीन स्त्रियांना लासरू जास्त होण्याचे हे एक कारण मानले जाते.

दोष अडथळ्यात आहे हे अठराव्या शतकाच्या आरंभी श्टाल या जर्मन वैद्याने ओळखले. 1713 मध्ये आनेल या फ्रेंच शल्यविशारदाने बारीक सळई आणि पिचकारीने मार्ग मोकळा करून दाखवला. अश्रुमार्ग धुऊन तपासण्याची आजची पद्धत त्याच पिचकारीची वारस आहे. पण सळईने उघडलेली वाट मोठ्या माणसांत बहुधा पुन्हा बुजायची.

खरे वळण आले 1904 मध्ये, फ्लॉरेन्सला. बुजलेल्या नळीचा नाद सोडून तोती या इटालियन डॉक्टरने हाडाला खिडकी पाडली आणि पिशवी सरळ नाकात उघडली. पुढे द्युप्युई-द्युताँ आणि बूर्गे यांनी पिशवीचे आणि नाकाचे अस्तर एकमेकांना शिवले, त्यामुळे ही नवी वाट टिकू लागली. 1989 नंतर दुर्बिणीमुळे हेच काम चेहऱ्यावर व्रण न ठेवता नाकातून होऊ लागले.

तान्ह्या बाळाचा डोळा गळत असेल, तर डॉक्टरांकडून पिशवीवरचा मसाज शिकून घ्या. बहुतेकांची वाट वर्षभरात आपोआप उघडते. मोठ्यांनी मात्र नुसत्या थेंबांवर दिवस काढू नयेत. थेंबांनी पू कमी होईल, वाट उघडणार नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी तर अश्रुमार्ग तपासून घ्याच, कारण पिशवीतले जंतू डोळ्याच्या आत शिरले तर दृष्टी जाऊ शकते.