पुस्तक एक, पंगती अनेक

‘ख्रिस्ती लोकांचे पुस्तक एकच, देव एकच, मग त्यांच्यात इतके पंथ कसे?’ हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळदा ऐकू येतो. विचारणारा बहुधा सज्जन असतो. पण ‘चला, दुसऱ्याच्या घरातही भांडणे आहेत’ असे थोडेसे समाधानही त्याच्या आवाजात असते. मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान. बायबलवर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा वकूब नाही. पण शब्दाचा अर्थ कसा लावायचा हे माझे रोजचेच काम आहे, आणि ख्रिस्ती ऐक्याचा प्रश्न हिंडून फिरून त्याच ठिकाणी येऊन थांबतो.

तसा आमच्या औंधला हा विषय परका नाही. पंडित सातवळेकर १९१८ मध्ये इथे आले आणि जवळजवळ तीस वर्षे इथे राहून त्यांनी स्वाध्याय मंडळातर्फे वेद छापले, त्यांचे अर्थ लावले. ज्या मंत्रांत सायणाचार्यांना प्रामुख्याने यज्ञ दिसला, त्यांतच सातवळेकरांना राष्ट्रधर्म दिसला. गीतेचेही तेच. ज्ञानेश्वरांची गीता आणि लोकमान्यांची गीता श्लोकांनी एकच. पण सार विचारले तर एकाकडे भक्तीचा ओलावा, दुसऱ्याकडे कर्मयोगाची हाक. तरी या दोघांना मानणारी माणसे एकमेकांना परकी समजत नाहीत. म्हणजे अर्थ वेगळे लावले की माणसे फुटतातच, असे नाही. मग ती केव्हा फुटतात?

आपल्या काव्यशास्त्रातले एक जुने उदाहरण इथे उपयोगी पडेल. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ असे कोणी म्हटले, तर वाडा पाण्यावर तरंगतो आहे असे आपण समजत नाही. तो काठावर आहे असे समजतो. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. तो जुळेना म्हणून लगतचा अर्थ घेतला, ती लक्षणा. आणि त्यातून गारवा, पावित्र्य असे जे सुचते, ती व्यंजना. धर्मग्रंथ वाचणाऱ्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, पानोपानी ठरवावे लागते की इथे अभिधा घ्यायची की लक्षणा.

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकरी मोडली आणि हे आपले शरीर आहे असे शिष्यांना सांगितले. आता हे ‘आहे’ कोणते? रोमन कॅथलिक चर्च म्हणते, अक्षरशः आहे. भाकरीचे रंगरूप तेच राहते, पण तिचे मूळ तत्त्व बदलते. मार्टिन ल्यूथर रोमच्या चर्चपासून वेगळा झाला, तत्त्व बदलण्याची उपपत्तीही त्याने नाकारली; पण ‘आहे’ म्हणजे आहेच, हे त्याने सोडले नाही. स्वित्झर्लंडच्या झ्विंगलीचे म्हणणे, इथे लक्षणा आहे; ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवते’. १५२९ साली मारबर्गच्या किल्ल्यात दोघांची भेट घडवून आणली गेली. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले. पंधराव्यातही बरेचसे जुळले. राहिला तो हा एक मुद्दा. त्यावर दोघे उठले आणि सुधारणेच्या चळवळीतच दोन पंगती पडल्या.

युरोपातली ही भांडणे आपल्याकडे बोटीतून आली. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, पुढे स्कॉटलंडचे आले, इंग्लंडचे अँग्लिकन आले. कोणी कोणत्या भागात काम करायचे, हे प्रॉटेस्टंट मिशनांनी बरेचसे सामोपचाराने ठरवले. त्यामुळे गंमत अशी झाली की मराठी ख्रिस्ती माणसाचा पंथ त्याच्या विचारावर नव्हे, तर त्याच्या जिल्ह्यावर ठरला. औंधच्या एका अंगाला सातारा. तिथे अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे काँग्रिगेशनल पंथ. दुसऱ्या अंगाला सांगली, मिरज आणि पुढे कोल्हापूर. तिथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वॉनलेस या दुसऱ्या मिशनचे. माणसे एका भाषेची, एकाच दुष्काळात होरपळलेली, आणि पंथ मात्र दोन.

या पंथांत फरक काय होता? मुख्यतः चर्चचा कारभार कोणी चालवायचा, याचा. काँग्रिगेशनल म्हणत, प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र. प्रेस्बिटेरियन म्हणत, वडिलांच्या पंचमंडळाने चालवावा. अँग्लिकन म्हणत, बिशप हवा. तिघेही बोट ठेवत एकाच नव्या करारावर. त्यात ‘वडील’ आणि ‘अध्यक्ष’ अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द येतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात तर पौल ज्यांना भेटीला बोलावतो ते ‘वडील’ आहेत, आणि थोड्याच ओळींनंतर तो त्यांनाच ‘अध्यक्ष’ म्हणतो. प्रेस्बिटेरियन वाचक म्हणतो, पाहा, दोन्ही एकच. निराळा बिशप नकोच. अँग्लिकन वाचक म्हणतो, ग्रंथ ज्या आरंभीच्या चर्चने जपला, त्या चर्चने पहिल्या काही शतकांत बिशप नेमले. म्हणून ग्रंथाचा अर्थ तिच्या वागण्यावरून लावा. शब्द तेच, पण ग्रंथ परंपरेला बाजूला ठेवून वाचायचा की तिचे बोट धरून, यावर सारे अवलंबून.

यातून वाट काढली ती भारतातल्या चर्चनी, हे आपल्याला अभिमानाने सांगता येईल. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या संयुक्त उत्तर भारत चर्चमध्ये एकत्र आल्या. सातारा आणि सांगली यांच्यामधली भिंत गेली. स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. आणि १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया निर्माण झाले. तोडगा कोणता? बिशप असतील, पण बिशपपदाचा अमुकच अर्थ मानला पाहिजे, अशी सक्ती कोणावर नाही. दक्षिणेच्या चर्चने तर विश्वासाच्या प्राचीन सूत्रांबाबतही लिहून ठेवले की मूळ सत्य सर्वांना मान्य आहे, पण शब्दाशब्दाला संमती मागितली जाणार नाही. अर्थ लावण्याचे वाजवी स्वातंत्र्य राहील.

सगळ्यात अवघड गाठ होती बाप्तिस्म्याची. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा का? अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन म्हणतात, द्यावा. नव्या करारात घरातली सगळी माणसे एकदम बाप्तिस्मा घेतात, त्यांत मुलेही असणार. बाप्टिस्ट म्हणतात, ‘असणार’ हा तुमचा तर्क. ग्रंथात आधी विश्वास येतो, मग पाणी. तान्हे मूल विश्वास कसा ठेवील? पाणी शिंपडायचे की माणसाला बुडवायचे, हाही वाद होताच, कारण मूळ ग्रीक क्रियापदात बुडवण्याचा अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या बाप्टिस्टांनी भाषांतरात ‘बुडवणे’ असा सरळ अर्थ घातला, तेव्हा लंडनच्या बायबल सोसायटीने त्या भाषांतराला मदत नाकारली. मराठी बायबलने काय केले? शब्द भाषांतरितच केला नाही. ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक शब्दच मराठीत नांदायला आला. ज्याने त्याने आपापले पाणी त्यात भरावे. भाषांतरकाराने न बोलता राखलेले ऐक्य मला इथे दिसते.

पण न बोलून सगळे प्रश्न मिटत नाहीत. समजा, मिरजेकडच्या एका घरातल्या आजीला पाळण्यात असताना बाप्तिस्मा मिळाला. तिचा नातू एखाद्या नव्या स्वतंत्र मंडळीत गेला आणि तिथे त्याला नदीत बुडवून पुन्हा बाप्तिस्मा दिला. आजी विचारील, ‘मग माझा खोटा होता का रे बाळा?’ नातवाचाही हेतू वाईट नाही. त्याच्या वाचनाप्रमाणे पहिला बाप्तिस्मा झालाच नव्हता, म्हणून हा दुसरा नव्हेच. तत्त्वाचा प्रश्न असा घरात येऊन बसतो. नागपूरच्या ऐक्यात बाप्टिस्ट आणि ब्रदरनही सामील होते, म्हणून तिथे दोन्ही वाटा मान्य केल्या: लहानपणी बाप्तिस्मा आणि जाणतेपणी दृढीकरण, किंवा लहानपणी फक्त आशीर्वाद आणि जाणतेपणी बाप्तिस्मा.

सगळेच आले नाहीत. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च वाटाघाटींत होते, पण १९७० मध्ये ऐन वेळी बाहेर राहिले. शेजारच्या गुजरातेत ब्रदरन मंडळीतल्या काहींनी विलीनीकरणच नाकारले. मालमत्तेचा तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाल लागला. ग्रंथाच्या अर्थावर जुळले तरी जमिनीच्या उताऱ्यावर अडते, हा अनुभव काही फक्त ख्रिस्ती लोकांचा नव्हे.

या सगळ्या तडजोडींच्या आधी दोन मराठी माणसांनी हा प्रश्न स्वतःच्या जिवावर घेतला होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्ममातेचे, सिस्टर जेराल्डिन यांचे म्हणणे होते की चर्च सांगते तो अर्थ मान्य कर. रमाबाईंचे म्हणणे, एका पुरोहितशाहीतून बाहेर पडले ती दुसरीत शिरण्यासाठी नव्हे. ग्रंथ माझ्यासमोर आहे, सदसद्विवेक माझा आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल आणले. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते. दुसरे रेव्हरंड ना. वा. टिळक. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, मिशनमध्ये त्यांनी आयुष्य काढले आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती. टिळकांनी येशूला तुकोबांच्या वाटेने जाऊन ओळखले होते; त्यांच्या वाचनात भक्ती आधी होती, विधी नंतर.

आता जग बदलले आहे. ग्रंथ कोणत्या काळात, कोणासाठी, कोणत्या भाषेच्या वळणाने लिहिला गेला हे तपासणाऱ्या ऐतिहासिक अभ्यासाला पोप बारावे पायस यांनी १९४३ मध्ये वाट मोकळी केली. त्यामुळे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पंडित एका टेबलावर बसून पौलाची पत्रे वाचू लागले. माणूस विश्वासाने तरतो की कर्माने, या ज्या प्रश्नावर सोळाव्या शतकात फूट पडली, त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ कॅथलिकांप्रमाणे इतरांच्याही घरी गेले आणि २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले.

मात्र याच अभ्यासाने नवी रेघही ओढली. सृष्टी सहा दिवसांत झाली हे अक्षरशः घ्यायचे का, स्त्रीला धर्मगुरू करायचे का, यावर आज मतभेद आहेत ते एका चर्चचे दुसऱ्याशी नव्हेत, तर प्रत्येक चर्चच्या आत. आणि अरविंद निर्मळ या मराठी धर्मपंडिताने १९८१ मध्ये बंगळुरूला आणखी मूलभूत प्रश्न विचारला: हा ग्रंथ गावकुसाबाहेरच्या माणसाने वाचला तर काय दिसेल? पंथ एक झाले आणि जात तशीच राहिली, तर ते ऐक्य कोणाचे?

आमच्याकडेही पाहा. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, आम्ही देशावरचे बहुतेक हनफी. ‘आमीन’ मोठ्याने म्हणायचे की मनात, यावर दोघांचे वाचन वेगळे. तरी एकमेकांच्या इमामामागे दोघे नमाजाला उभे राहतात. आणि याच आमच्यात अशाही मशिदी आहेत, जिथे दुसऱ्या जमातीच्या माणसाला ‘तू आमच्यातला नाहीस’ असे सुनावले जाते. कुराण दोन्हीकडे तेच आहे.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. वेगवेगळे अर्थ लावल्याने माणसे फुटत नाहीत. ‘मी लावलेला अर्थ म्हणजेच ग्रंथ’ असे म्हटले की फुटतात. कारण मग माझ्याशी मतभेद हा देवाशीच मतभेद होतो आणि पंगतीतून उठवणे हे पुण्यकर्म ठरते. नागपूरला जमलेल्या सहा चर्चनी एकमेकांची मते बदलली नाहीत. आपले मत ही पंगतीत बसण्याची अट ठेवायची नाही, एवढेच ठरवले. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अजूनही एकमेकांच्या प्रभुभोजनाला नेमाने बसत नाहीत. मारबर्गचे ते ‘आहे’ अजून मध्ये उभे आहे. पण पाचशे वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावर लोक उठून गेले, त्यावर आज ते समोरासमोर बसून बोलतात. धर्म कोणताही असो, ग्रंथ उघडणाऱ्याने एवढे बसून राहणे शिकायला हरकत नाही.