छत्तीस फोटोंची मुभा

जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कंपनी सूक्ष्मदर्शकं बनवायची. तिथला तंत्रज्ञ ऑस्कर बार्नाक याला दमा होता आणि फोटोंचा नाद. काचेच्या प्लेटा, भलामोठा कॅमेरा आणि स्टँड असं लटांबर घेऊन हिंडणं त्याला झेपेना. म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, ती कॅमेऱ्यात आडवी सरकवली आणि सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट ठरवली. मध्ये महायुद्ध आलं. ‘लायका’ या नावाने हा कॅमेरा बाजारात यायला १९२५ साल उजाडलं.

एवढ्याशा निगेटिव्हवरून छापण्याजोगा फोटो निघेल का, ही त्या वेळची शंका रास्तच होती. बर्लिनचा एरिख सालोमन हा कायद्याचा पदवीधर राजकीय परिषदांत आणि कोर्टांत शिरून नकळत फोटो टिपायचा. तोही आधी एर्मानॉक्स हा कॅमेरा वापरायचा. त्याची लेन्स मंद उजेडातही चाले, पण प्रत्येक फोटोला नवी काच लागे. लायकात एकदा रोल भरला की छत्तीस फोटो.

लायकाचं खरं देणं मला या उधळपट्टीत दिसतं. पस्तीस वाया गेले तरी चालतील, एक साधला की झालं. शिवाय ओळीने काढलेल्या फोटोंमधून गोष्ट रचता येते, हे जर्मन सचित्र साप्ताहिकांच्या संपादकांनी हेरलं. १९३३ मध्ये हिटलर आला आणि ही मंडळी पांगली. त्यांच्यापैकी म्युनिकमध्ये तुरुंगवास भोगलेल्या स्टेफान लोरांटने १९३८ साली लंडनमध्ये ‘पिक्चर पोस्ट’ हे साप्ताहिक उभं केलं. सालोमनचा शेवट मात्र आउशवित्झमध्ये झाला.

(लायकाभक्त एक गोष्ट सहसा सांगत नाहीत: नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचे रॉबर्ट कापाचे गाजलेले फोटो कॉन्टॅक्स या दुसऱ्याच कॅमेऱ्यावर काढलेले आहेत.)

फोटो इतके झाले, पण मालकी कोणाची? १९४७ साली कापा, कार्तिए-ब्रेसाँ, सेमूर आणि रॉजर या छायाचित्रकारांनी ‘मॅग्नम’ ही सहकारी संस्था काढली. मासिकाने फक्त छापण्याचा हक्क विकत घ्यायचा, निगेटिव्ह आणि स्वामित्व छायाचित्रकाराकडे. धंद्याला व्यवसायाची इभ्रत मिळाली ती या अटीने. कार्तिए-ब्रेसाँच्या वाट्याला आशिया आला, म्हणून जानेवारी १९४८ मध्ये तो लायकासह दिल्लीत होता. गांधीजींच्या अंत्ययात्रेचे त्याचे फोटो जगभर गेले.

त्याच दिल्लीत मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या छायाचित्रकार होमाई व्यारावाला काम करत होत्या. त्यांचा हात बसला होता तो अवजड स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यावर. त्याच्या एका होल्डरमध्ये फिल्मचे दोनच तुकडे मावत. एक फोटो काढला की होल्डर उलटा करायचा. तिथे उधळपट्टी परवडणारी नव्हती. आणि मालकीचं म्हणाल, तर मुंबईत त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले तेव्हा खाली नाव असायचं त्यांचे पती माणेकशॉ यांचं.