ईटच्या गोदावरीबाईंसाठी एक भिंत

दरवर्षी 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सकाळी नांदेडच्या माता गुजरीजी विसावा उद्यानातल्या हुतात्मा स्मारकापाशी ध्वजारोहण होते, पुष्पचक्र वाहिले जाते, भाषणे होतात. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदराव पानसरे, अनंत भालेराव ही नावे घेतली जातात आणि ती घेतलीच पाहिजेत. गावोगावच्या भिंतींवर जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्यादेवी आणि घोड्यावरची झाशीची राणी असतात; त्यांचीही जागा त्यांनी कमावलेली आहे. पण देशापेक्षा 13 महिने उशिरा का होईना, ज्या लढ्याने मराठवाड्याला स्वातंत्र्य दिले, त्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या बायका या भिंतींवर क्वचितच भेटतात. नांदेड आणि लातूर या दोन शहरांनी ही उणीव भरून काढावी, असे मला मनापासून वाटते.

आधी त्या कोण होत्या ते पाहू. भूम तालुक्यातल्या ईट गावच्या गोदावरीबाई टेके. निजामाच्या बाजूने लढणारे रझाकार गावावर चालून आले, घराला आग लावली. पती मारले गेल्यावर गोदावरीबाईंनी बंदूक हाती घेतली आणि त्या जळत्या घरातून गोळ्या झाडत राहिल्या. त्या आगीतच त्यांचा अंत झाला. हा प्रसंग ज्याने एकदा वाचला, तो विसरणार नाही. तरी भूम, परांड्याच्या पलीकडे किती शाळकरी मुलांना तो ठाऊक आहे?

दुसऱ्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. बदनापूर तालुक्यातले हे गाव. पुरुषी पोशाख, कमरेला हत्यार, बसायला घोडा. नवऱ्याने विरोध केला तेव्हा दगडाबाईंनी पुढाकार घेऊन त्यांचे दुसरे लग्न लावून दिले आणि स्वतः लढ्यात उतरल्या. लोक त्यांना झाशीची राणी म्हणू लागले. त्यात प्रेम आहे, शंका नाही. पण भिंतीवर त्यांना दगडाबाई म्हणूनच उभे करायला हवे, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या गावासह.

आशाताई वाघमारे होत्या. बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघणाऱ्या ‘मराठवाडा’ या पत्राचे संस्थापक आ. कृ. वाघमारे यांच्या त्या पत्नी. प्रतिभाताई वैशंपायन, सुशीलाबाई दिवाण, गीताबाई चारठाणकर, कावेरीबाई बोधनकर ही नावे या लढ्याच्या इतिहासात येतात, पण बहुतेकदा एका ओळीत, स्वल्पविराम देऊन, एकापाठोपाठ. माझ्याही लेखात ती तशीच आली, कारण जागा कमी आहे. भिंतीला ही अडचण नाही.

या बाया मागे का राहिल्या, याचे एक कारण कागदात आहे. केंद्र सरकारने 1972 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. त्यात तुरुंगवासाचा पुरावा हा मुख्य आधार. पुरुषांना 6 महिन्यांचा, स्त्रियांना 3 महिन्यांचा. पुढे हैदराबाद संस्थानाच्या सीमेवरच्या कॅम्पमध्ये काम केलेल्यांनाही मान्यता मिळाली. पण जिने मध्यरात्री वीस माणसांच्या भाकरी थापल्या, कणगीत पिस्तूल दडवले, लुगड्याच्या घडीत चिठ्ठी लपवून करोडगिरी नाका ओलांडला, तिला ना तुरुंग, ना कॅम्पचा दाखला. पोलीस घरी आले तर तिने ‘इथं कुणी आलं नाही’ एवढेच सांगायचे. ती पकडली गेली नाही, म्हणजे तिने काम चोख केले. आणि नेमक्या त्याच कारणाने तिची नोंद राहिली नाही.

दुसरे कारण फोटोचे. आपल्याकडे भित्तिचित्र म्हणजे फोटोवरून काढलेला चेहरा. पेंटरला आपण फोटो देतो, तो त्यावर चौकटी आखतो, तेवढ्याच चौकटी भिंतीवर आखतो आणि घर-घर करत चेहरा मोठा करतो. 1948 च्या मराठवाड्यातल्या शेतकरी बाईने कॅमेरा कुठे पाहिला असणार? फोटो नाही, म्हणून चित्र नाही. चित्र नाही, म्हणून पुढच्या पिढीला नाव नाही.

यावर उपाय सोपा आहे : चेहऱ्याऐवजी कृती रंगवावी. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात नागरी हक्कांच्या चळवळीतल्या बर्नाडेट डेव्हलिन यांचे घराच्या अख्ख्या भिंतीएवढे चित्र आहे. हातात भोंगा, मागे रस्त्यावर पेटलेला संघर्ष. पाहणाऱ्याला त्या काय करत होत्या ते आधी कळते. गोदावरीबाईंसाठी जळते घर, खिडकी आणि बंदुकीची नळी पुरेशी आहे. लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एखाद्या रस्त्याच्या तोंडाशी हे चित्र असेल तर बाजाराला आलेला माणूस थांबेल. शिवाय रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरलाच वकिली करत होता. त्या शहराने गोदावरीबाईंना मान द्यावा, याला वेगळा अर्थ आहे. नांदेडमध्ये शिंदीची झाडे तोडणारे सत्याग्रही, जळता करोडगिरी नाका, उमरी बँकेवरच्या हल्ल्याचा 30 जानेवारी 1948 चा दिवस आणि या सगळ्यांच्या पोटापाण्याची काळजी वाहणारी चूल, असे एकसलग चित्र शोभेल.

याच निजामाच्या राज्यातल्या तेलंगणाकडे पाहा. पालकुर्तीच्या चाकली ऐलम्मा, परटाच्या घरातली बाई. विसनूरच्या देशमुखाने जमीन बळकावू पाहिली तेव्हा ती हटली नाही. 2024 मध्ये हैदराबादच्या कोठीतल्या महिला विद्यापीठाला तिचे नाव दिले गेले. आपल्याकडे नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव 1994 पासून आहे, ते योग्यच. पण बायांच्या वाट्याला तेवढे काही आलेले नाही.

आता भिंतीविषयी, कारण चांगल्या हेतूची चित्रे दोन पावसाळ्यांत पोपडे धरून पडतात. आपली जमीन काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि कमी पायाच्या कंपाउंडच्या भिंतीला तडे जातात. म्हणून कंपाउंडपेक्षा पक्क्या इमारतीची भिंत निवडावी. लोणा आलेल्या भिंतीवर रंग टिकत नाही. गिलावा खरवडून, वाळवून, प्रायमर देऊन मगच बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन लावावा. पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्याचे ऊन दुपारभर असते, तिथे स्वस्त लाल-पिवळे रंग आधी फिके पडतात. भिंत उत्तरेची मिळाली तर उत्तम. आणि काम गावच्याच पेंटरला द्यावे. फ्लेक्सने या लोकांचा धंदा बसवला. दुकानाची पाटी हाताने लिहिणारी बोटे अजून शिल्लक आहेत, तोवर त्यांना हे काम मिळावे. जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ करण्याची सवय तर आपल्याला आहेच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या चित्रांत समोरचा शत्रू रझाकार असावा, शेजारचा मुसलमान नव्हे. भारतात विलीन होण्याची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांना ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनीच मारले. त्यांचे नाव त्याच भिंतीवर कोपऱ्यात का होईना, यावे. जे चित्र पाहून गल्लीतले एक घर खाली मान घालेल, ते या लढ्याचे चित्र नाही.

1948 मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या आसपास आहे. तिने पाहिलेली आई, काकू, शेजारीण अजून तिच्या आठवणीत आहे. तुमच्या घरात, गल्लीत, गावात अशी आजी असेल तर येत्या 17 सप्टेंबरची वाट पाहू नका. या आठवड्यात तिच्याजवळ बसा. बाईचे पूर्ण नाव, माहेर, सासर आणि तिने नेमके काय केले, एवढे चार मुद्दे वहीत लिहून घ्या आणि गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्या. भिंत आणि रंग नंतर मिळतील. आधी नाव हवे.