बोगद्यात जायचे ते तिकीट काढून

मे २००० च्या आरंभी अमेरिकेने जीपीएस उपग्रहांच्या नागरी संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या हातातले यंत्र एका रात्रीत कितीतरी अचूक झाले. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ओरेगन राज्यातल्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला सापडेल त्याने वहीत नाव लिहायचे, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. हाच खेळ पुढे ‘जिओकॅशिंग’ म्हणून जगभर पसरला. जुन्या, बंद पडलेल्या लोहमार्गांशी त्याचे विशेष जमले. रूळ उखडलेली वाट चालायला सपाट असते, आणि वाटेत बोगदा असला तर शोधाला आपोआप रंग चढतो. विस्कॉन्सिनमधला एलरॉय-स्पार्टा मार्ग असाच आहे. त्यावर तीन बोगदे असून सर्वांत लांब बोगदा सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर भरतो. हा खेळ आपल्या पुणे-मिरज लोहमार्गावर, आदर्कीच्या घाटातल्या बोगद्यांकडे आणावा काय? माझे उत्तर असे: खेळ जरूर आणावा, पण दडवलेली डबी आणू नये, आणि लोकांना रुळांवर तर मुळीच नेऊ नये.

आधी हा मार्ग येथून का गेला ते पाहू. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये, धान्य वेळेत पोहोचवता येईल अशा संरक्षक लोहमार्गांची शिफारस केली. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीचे जाळे त्याच विचारातून उभे राहिले. पुण्याहून मिरजेकडे आलेला तिचा मीटरगेज मार्ग नीरेच्या खोऱ्यातून कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो आणि मध्ये महादेवाच्या डोंगररांगेचा आडवा बांध येतो. बैलगाडी सालप्याच्या घाटाने वळणे घेत वर जाईल, पण आगगाडीला तसा चढ झेपत नाही. म्हणून लोणंद मागे टाकल्यावर रूळ लांब वळसे घेतात, काळ्या कातळात खिंडी पाडतात आणि वळसाही पुरेना तेथे डोंगराच्या पोटात शिरतात. म्हणजे आदर्कीचा बोगदा दुष्काळ आणि भूगोल यांच्या हिशेबातून निघालेले उत्तर आहे. हा हिशेब ज्याला उमगला त्यालाच बोगदा सापडला, असे मी म्हणेन.

परदेशी खेळ जसाच्या तसा उचलताना एक मोठा फरक विसरला जातो. विस्कॉन्सिनच्या बोगद्यांतून गाड्या जात नाहीत, आदर्कीच्या बोगद्यांतून जातात. १९७१ पर्यंत येथे ब्रॉडगेज आले, नंतर विजेच्या तारा आल्या. बोगद्यात माणसाला बाजूला व्हायला जागा जेमतेम असते, आणि विजेवरची गाडी येताना आवाजही कमी करते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जुलै २०२३ मध्ये दूधसागर धबधब्याकडे रुळांवरून निघालेल्या शेकडो पर्यटकांना पोलिसांनी अडवले, काहींना तर उठाबशा काढाव्या लागल्या. त्या उठाबशांचे हसू झाले, पण रुळावरची गर्दी हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. शिवाय रुळालगत दडवलेला बंद डबा पाहून आपल्याकडचा गँगमन आधी बॉम्बशोधक पथक बोलावील, आणि त्याचे काही चुकणार नाही. खुद्द या खेळाचे नियमही चालू लोहमार्गापासून दूर राहायला, जागेच्या मालकाची परवानगी घ्यायला आणि खड्डा न खणायला सांगतात.

डबीच नसेल तर खेळात उरते काय, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर खेळाच्याच इतिहासात सापडते. २००४ पासून ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार रूढ आहे. त्यात काहीच दडवलेले नसते. ठिकाणी जाऊन पाहिल्यावरच सुटेल असा प्रश्न तेवढा दिलेला असतो. आपल्या मार्गावर अशा प्रश्नांचे पीक आहे. पाडळीला ‘सातारारोड’ हे नाव का चिकटले आणि आजचे सातारा स्थानक माहुलीजवळ कसे? १९०१ मध्ये बालवयातले भीमराव आंबेडकर घरातल्या इतर मुलांसह गोरेगावी वडिलांकडे जायला ज्या मसूर स्थानकावर उतरले आणि जात कळताच ज्यांना गाडीवान मिळेना, त्या स्थानकावर त्याची काही खूण आहे काय? त्यांचे वडील तेव्हा दुष्काळग्रस्तांच्या कामावर रोखपाल होते. दुष्काळासाठी आलेल्या रेल्वेवरच हा प्रसंग घडावा, हे विसरण्याजोगे नाही. शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या तूफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. ओगलेवाडीची काच आणि कुंडल रोड स्थानकालगतच्या माळावर १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी हेही याच रुळांचे धन. सांगली शहर तर ब्रॉडगेज येईपर्यंत मुख्य मार्गावर नव्हतेच, मिरजेहून आलेल्या छोट्या फाट्यावर होते.

दुसरा आक्षेप असा की पत्ता जाहीर केला की गर्दी येणार, आणि गर्दी शेवटी बोगद्याकडेच वळणार. ही भीती खोटी नाही. म्हणूनच अक्षांश-रेखांश बोगद्याच्या तोंडाचे देऊ नयेत. फलाटाचे, बाजारपेठेचे किंवा जिथून घाट दिसतो त्या सार्वजनिक रस्त्याचे द्यावेत. उत्तरही असे असावे की रुळावर पाय ठेवून ते मिळूच नये. तिसरा आक्षेप, हे परकीय खूळ कशाला? पण गडावर जाऊन चोरदरवाजा आणि पाण्याचे टाके शोधणाऱ्या सातारकराला हा छंद नवा कसा म्हणावा? नवे एवढेच की आपण किल्ल्यांकडे ज्या डोळ्यांनी पाहतो, त्याच डोळ्यांनी स्थानकांकडे पाहायला शिकायचे.

शाळांनी आणि गिरिभ्रमण मंडळांनी रेल्वेची परवानगी घेऊन असा एक शोध आखावा. पहिला प्रश्न येथेच देतो. आपल्या स्थानकांच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. लोणंदला तिकीट काढा, पाटीवरचा आकडा टिपा, पॅसेंजरच्या खिडकीशी बसून बोगद्याचा अंधार अनुभवा आणि घाटापलीकडच्या वाठारला उतरून तिथला आकडा वाचा. दोहोंची वजाबाकी केली की बोगदा का खणावा लागला याचे उत्तर वहीत उतरलेले असेल.